फुटबॉलचे कायदे व आमचें मैदान

गेल्या श्रावणांत आमच्या शाळेच्या मैदानावर जो प्रकार घडला तो या वार्षिकाच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां तो थोडक्यांत सांगतों. मावळांतील दुसऱ्या एका शाळेचा संघ आमच्या मुलांशीं फुटबॉलचा सामना खेळावयास आला होता. लोणावळ्याचा पाऊस, नागफणीचा कडा ढगांत बुडालेला, आणि मैदानावर ठिकठिकाणीं घोटाभर पाणी. दोन्ही पक्षांचा एकेक गोल झालेला होता. खेळ संपण्यास चार-पांच मिनिटें उरलीं असतां आमच्या एका गड्यानें चेंडू जाळ्यांत घातला. एकच जल्लोष झाला. परंतु पंचांनीं शिट्टी वाजवून तो गोल 'ऑफसाइड' म्हणून रद्द केला. मग काय विचारतां! आमचीं मुलें पंचांभोंवतीं गोळा झालीं. कुंपणापाशीं छत्र्या घेऊन उभ्या असलेल्या पालकांपैकीं कांहींनीं पंचांस उद्देशून जे शब्द उच्चारिले ते येथें छापण्याजोगे नाहींत. पंच म्हणजे पाहुण्या शाळेंतील एक तरुण शिक्षक. ते चिखलांत निमूटपणें उभे राहिले, परंतु त्यांनीं निर्णय फिरविला नाहीं. शेवटीं आमच्या कप्तानानें आपला संघ मैदानाबाहेर काढला व सामना तेथेंच संपला.

आणि आम्ही? आम्हीही तेथेंच छत्री घेऊन उभे होतों. तो गडी ऑफसाइड होता हें आम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. आणि आम्ही गप्प राहिलों. 'आपल्या मुलांचा उत्साह कशाला मोडावा' अशी कांहींतरी सबब त्या वेळीं मनांत आली असावी. ती सबब किती पोकळ होती तें त्याच रात्रीं कळून चुकलें.

पुढें आठवडाभर शिक्षकांच्या खोलींत दुसरा विषय नव्हता. एका पालकांनीं पत्र लिहून कळविलें कीं, हा खेळच भांडणाचें मूळ आहे, सबब तो शाळेंतून बंद करावा. दुसऱ्या एकांनीं लिहिलें कीं, खेळ चालूं द्यावा, मात्र यापुढें पंच आपल्याच शाळेचा असावा! या दोन्ही मतांस आमचा विरोध आहे. आणि तो कां, हें सांगावयाचें म्हणजे हा खेळ मुळांत कसा जन्मास आला हें पाहिलें पाहिजे.

चेंडू लाथाडणें हें फार जुनें आहे. इंग्लंडांत एका गांवचे लोक दुसऱ्या गांवच्या लोकांवर झुंडीनें तुटून पडत व चेंडू ओढीत, ढकलीत आपल्या वेशीपर्यंत नेत. पुढें हा दांडगा खेळ तेथील मोठमोठ्या शाळांत शिरला; पण प्रत्येक शाळेचे नियम निराळे. एके ठिकाणीं चेंडू हातांत घेऊन धांवण्यास मोकळीक, तर दुसरीकडे चेंडूस हात लावणें हाच अपराध. शाळेच्या भिंतीआड हें सर्व सुरळीत चाले. अडचण उत्पन्न झाली ती निरनिराळ्या शाळांतील मुलें विद्यापीठांत एकत्र आलीं तेव्हां. केंब्रिज येथें इ. स. १८४८ मध्यें विद्यार्थ्यांनींच बसून सर्वांस चालतील असे नियम लिहून काढण्याचा प्रयत्न केला. विद्यार्थिमित्रांनो, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहों. हे कायदे लिहिण्याचा उद्योग तुमच्यापेक्षां वयानें फार मोठ्या नसलेल्या तरुणांनीं आरंभिला.

यानंतरचें साल आपण मावळकरांनीं सहज ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. इ. स. १८६३ मध्यें बोरघाटाचा लोहमार्ग पुरा होऊन मुंबईची आगगाडी आपल्या डोंगरावर चढूं लागली. त्याच सालीं, ऑक्टोबरच्या २६ व्या तारखेस, लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्न या खाणावळींत डझनभर क्लबांचे प्रतिनिधि जमले व त्यांनीं फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहींएक संबंध नाहीं. तथापि आम्हांस त्यांत एक साम्य दिसतें. घाटाच्या वरचे रूळ एका रुंदीचे व खालचे दुसऱ्या रुंदीचे असते तर एवढे बोगदे खोदून काय उपयोग झाला असता? एका गांवच्या संघानें दुसऱ्या गांवीं जाऊन खेळावयाचें तर दोन्ही गांवांचे नियम एकाच मापाचे पाहिजेत. त्या मंडळींनीं मापें जुळविण्याचें काम हातीं घेतलें होतें.

तें काम सुखासुखी झालें नाहीं. डिसेंबरापर्यंत सहा बैठका झाल्या. असोसिएशनचे चिटणीस एबेनेझर मॉर्ली हे व्यवसायानें वकील होते. त्यांनीं मसुदा तयार केला. सर्वांत मोठा वाद माजला तो प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारूं द्यावी कीं नाहीं यावर. आज आपणांस हसूं येईल. परंतु ब्लॅकहीथ क्लबच्या कँपबेल नांवाच्या प्रतिनिधीनें अगदीं गंभीरपणें सांगितलें कीं, लाथा मारणें बंद केल्यास या खेळांतील मर्दुमकी नाहींशी होईल, आणि मग आठवडाभर सराव केलेले फ्रेंच लोकही तुम्हांस हरवितील. बहुमत त्याच्या विरुद्ध गेलें. ब्लॅकहीथ क्लब उठून गेला. पुढें इ. स. १८७१ मध्यें रग्बी युनियन निराळी स्थापन झाली, आणि गंमत अशी कीं, तिनेंही लाथा मारणें बंदच केलें!

त्या पहिल्या तेरा कायद्यांत आजचा फुटबॉल शोधूं गेल्यास फारसा सांपडणार नाहीं. गोलाच्या दोन खांबांवर आडवी दांडी नव्हती. खांबांमधून चेंडू कितीही उंचावरून गेला तरी गोल. प्रत्येक बाजूस किती गडी असावेत याचा उल्लेख नव्हता. बुटांच्या तळव्यांस बाहेर आलेले खिळे किंवा लोखंडी पट्ट्या नसाव्यात, हें मात्र स्पष्ट लिहिलेलें होतें. आणि ज्या नियमावरून आमच्या मैदानावर एवढा गोंधळ झाला तो नियम तेव्हांही होता, व आजच्यापेक्षां कडक होता. चेंडूच्या पुढें असलेला गडी खेळाबाहेर, असा तो मूळचा नियम. इ. स. १८६६ मध्यें तो सैल करण्यांत आला : आपला गडी चेंडू पुढें देतो त्या क्षणीं आपल्यापुढें प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असतील तर आपण ऑफसाइड नाहीं. इ. स. १९२५ मध्यें तिनाचे दोन झाले. पुढें आणखी कांहीं बदल झाले, तरी मर्म तेंच आहे. प्रतिपक्षाच्या गोलापाशीं दबा धरून बसूं नये. सोबत्यांबरोबर खेळत पुढें यावें. त्या दिवशीं आमच्या गड्यापुढें एकटा गोलरक्षक होता. ही गोष्ट पालकांपैकीं निदान निम्म्यांना तरी दिसली असली पाहिजे.

परंतु आमच्या मतें या सर्व इतिहासांत अत्यंत महत्त्वाचा भाग आहे तो पंचाचा. त्या पहिल्या तेरा कायद्यांत पंचाचें नांवही नाहीं! तंटा पडल्यास दोन्ही कप्तान सभ्यपणें मिटवितील अशी समजूत होती. ती टिकली नाहीं. मग प्रत्येक पक्षानें आपापला एक पंच आणावा असें ठरलें. म्हणजे वर उल्लेखिलेल्या पालकांची सूचना इंग्रजांनीं दीडशें वर्षांपूर्वींच करून पाहिलेली आहे. फळ काय झालें? माझा पंच माझ्या बाजूचा, तुझा तुझ्या बाजूचा. मग त्या दोघांचा तंटा सोडविण्याकरितां मैदानाबाहेर तिसरा मनुष्य बसवावा लागला. वाद ज्याच्याकडे सोंपवावयाचा तो, म्हणून त्यास 'रेफरी' हें नांव पडलें. शेवटीं इ. स. १८९१ मध्यें या तिसऱ्यालाच मैदानांत आणून सर्व अधिकार त्याच्या हातीं दिले, व ते दोन पंच रेषेवर निशाण घेऊन उभे राहिले. आपल्या भाषेंत पांचांमुखीं परमेश्वर बोलतो असें म्हणतात. फुटबॉलनें तीस वर्षांच्या अनुभवानें पांचांचें काम एकाच्या मुखीं सोंपविलें, तें तो एक चुकत नाहीं म्हणून नव्हे. तो चुकतोच. त्यानें चूक केली तरी खेळ पुढें चालतो. आणि प्रत्येकजण आपला पंच होऊं लागला कीं खेळच उरत नाहीं, जसा आमच्या मैदानावर उरला नाहीं.

त्याच इ. स. १८९१ मध्यें पेनल्टीचा नियम आला. आयर्लंडांतील विल्यम मॅक्रम नांवाच्या एका गोलरक्षकाची ती कल्पना. पुष्कळ घरंदाज खेळाडूंस तिचा राग आला. सभ्य मनुष्य मुद्दाम अपराध करील असें कायद्यानें गृहीत धरावें हाच त्यांना अपमान वाटला. आम्हांस या रागाचें मोठें नवल वाटतें. सभ्य मनुष्य काय काय करतो हें आम्हीं छत्रीखालून पाहिलेलें आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. येथें हा खेळ पलटणींबरोबर व शाळांबरोबर आला. कलकत्त्यांत इ. स. १८७७ च्या सुमारास नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या शाळकरी मुलानें गोऱ्या सोल्जरांचा चेंडू मैदानाबाहेर आला तो परत लाथाडला, आणि तेव्हांपासून त्याला या खेळाचें वेड लागलें, अशी कथा सांगतात. पुढें त्यानें क्लब काढले. त्यांपैकीं एकांत मणि दास नांवाच्या, कुंभाराच्या घरच्या, खेळाडूस घेण्यास सभासदांनीं हरकत घेतली. तेव्हां नगेंद्रप्रसादांनीं तो क्लबच मोडून टाकिला व शोभाबझार क्लब उभा केला. इ. स. १८९२ मध्यें ट्रेड्स कपाच्या सामन्यांत याच शोभाबझारनें ईस्ट सरे या गोऱ्या पलटणीच्या संघास हरविलें. पलटणीवरील त्या विजयापेक्षां मोडलेल्या क्लबाची गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

तिकडे श्रीनगरांत मिशन शाळेचे मुख्याध्यापक टिंडेल-बिस्को यांनीं इ. स. १८९१ मध्यें कातड्याचा चेंडू आणला, तेव्हां तेथील ब्राह्मण मुलें त्यास स्पर्श करीनात. शिक्षकांनीं हातांत काठ्या घेऊन त्यांस मैदानावर नेलें. एका मुलाच्या तोंडावर चेंडू आदळला; आपण विटाळलों म्हणून तो रडूं लागला; त्याचें तोंड धुवून आणलें व खेळ पुढें सुरू झाला. मिशन शाळांत ही गोष्ट अभिमानानें सांगितली जाते, व त्या गृहस्थांची चिकाटी अभिमान बाळगण्यासारखी होतीही. तथापि त्या रडणाऱ्या मुलाची बाजू कोणी सांगत नाहीं. काठीच्या धाकानें मैदान गांठणाऱ्यास चेंडूची ओळख होते. नियम आपलासा वाटण्यास मात्र दुसरें कांहींतरी लागतें.

तें दुसरें काय, हें कलकत्त्याच्या मोहन बागाननें दाखविलें. इ. स. १९११ च्या जुलईच्या २९ व्या तारखेस या संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघास दोन विरुद्ध एक गोलानें हरवून आय. एफ. ए. ची ढाल जिंकली. अकरांपैकीं दहाजण अनवाणी होते. बूट घातलेले एकटे सुधीर चतर्जी. ते ख्रिस्ती होते व पुढें रेव्हरंड झाले. कायदे इंग्रजांचे, त्या कायद्यांचा अंमल करणारेही इंग्रज. तरी जिंकले हे. नियम जर सामना चालू असतां माणूस पाहून वांकविले जात असते, तर अनवाणी पायांस ढाल मिळती ना. येथें एक खुलासा केला पाहिजे, कारण बुटांचा खर्च वांचतो म्हणून कांहीं पालक अनवाणी खेळाचें कौतुक करतात. इ. स. १९५२ मध्यें हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें आपले बहुतेक गडी अनवाणी होते व युगोस्लाव्हियानें आपणांस दहा विरुद्ध एक असें हरविलें. त्यानंतर बूट आले. लोणावळ्याच्या चिखलांत तर ते हवेतच.

आपल्या मुंबईंत रोव्हर्स कपाचे सामने इ. स. १८९१ पासून भरूं लागले. शेंचाळीस वर्षें तो पेला एका पलटणीकडून दुसऱ्या पलटणीकडे जात राहिला. इ. स. १९२३ मध्यें मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोंचला व हरला, इ. स. १९३७ मध्यें बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो प्रथम जिंकला. या शतकाच्या आरंभीं ही स्पर्धा बंद पडली, ही दुःखाची गोष्ट होय.

परंतु महाराष्ट्रांत फुटबॉल खऱ्या अर्थानें रुजला तो कोल्हापुरांत, आणि तेथें त्याची पाळेंमुळें कुस्तीच्या तालमींत आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम : हीं नांवें ऐकून परक्यास वाटावें कीं हे पैलवानांचे आखाडे, आहेतही, परंतु त्यांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हां अवघी पेठ त्यांच्यामागें लोटते. इ. स. २०१७ मध्यें सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतांत झाला, त्या वेळीं भारताच्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. असा मुलगा आकाशांतून पडत नाहीं. त्याच्यामागें शेंकडों गल्लीतले सामने असतात. कोल्हापुरांतही प्रेक्षकांच्या हाणामाऱ्या झालेल्या आहेत, तें लपविण्यांत अर्थ नाहीं. तरी कोणी तालमी बंद करा म्हणत नाहीं.

आणि हें केवळ परदेशीं खेळापुरतेंच नाहीं. आपला खो-खो गांवोगांव निराळ्या रीतीनें खेळला जात असे. इ. स. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें त्यास नियमांत बसविलें, तेव्हांच त्याचे सामने भरूं लागले. हुतूतूचेंही तसेंच.

नियम करणारे नेहमींच न्यायानें वागतात असें मात्र नव्हे. इ. स. १९२१ मध्यें त्याच फुटबॉल असोसिएशननें स्त्रियांस आपल्या सभासद क्लबांच्या मैदानांवर खेळण्यास बंदी केली. कारण हा खेळ स्त्रियांस शोभत नाहीं. आदल्याच वर्षीं लिव्हरपूल येथें स्त्रियांच्या एका सामन्यास पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते! ती बंदी उठण्यास सुमारें पन्नास वर्षें लागलीं. याच्या उलट दुसरी गोष्ट आपल्या जवळची. इ. स. २०२२ च्या जानेवारींत स्त्रियांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई व आपल्या पुण्याजवळ बालेवाडी येथें झाला. यजमान आपण. परंतु कोरोनाच्या सांथीमुळें आपल्या संघांतील अनेक मुली आजारी पडल्या, सामन्यास लागणारे निदान तेरा खेळाडू उभे करतां येईनात, आणि नियमाप्रमाणें यजमान भारतच स्पर्धेबाहेर गेला. त्या मुलींस काय वाटलें असेल! तरी स्पर्धा पुढें चालली. हा प्रसंग आमच्या शाळेंतील मुलींस चांगला आठवतो, आणि त्यांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, अर्ध्या कच्च्या गोलाकरितां मैदान सोडून जाणाऱ्या मुलांना संघ आहे, मग आम्हांस कां नाहीं? या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

आतां मावळाविषयीं. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला सुमारें चार हजार मिलीमीटर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर क्रिकेटच्या बॅटी माळ्यावर पडतात; चेंडू पायानें खेळावयाचा तो याच दिवसांत. मोठ्या शहरांत आतां तासाच्या भाड्यानें कृत्रिम गवत मिळतें. आपल्याकडे खरें गवत आहे, तेंही मोकळें. अर्थात् तें किती दिवस राहील कोण जाणे. भातखाचरांचे बंगल्यांसाठीं तुकडे पडतांना आपण रोज पाहतों, आणि गांवचें मैदान हीच कित्येकांच्या दृष्टीनें सर्वांत सोयीची पडीक जागा असते. ज्या मैदानावर नियमानें सामने होतात त्यावर हात टाकणें थोडें तरी कठीण जातें, एवढें आम्हांस समजतें.

शेंकडों विद्यार्थ्यांच्या शाळेंत अकराजण खेळतात व बाकीचे ओरडतात. ओरडण्याचें शिक्षण आमच्याकडे उत्तम मिळतें. म्हणून आमची सूचना अशी : येत्या जूनपासून इयत्ता आठवी, नववी व दहावी यांच्या प्रत्येक तुकडीचा एक संघ असावा, मुलींचे संघ निराळे असावेत, आणि शनिवारीं शाळा सुटल्यावर साखळी पद्धतीनें सामने व्हावेत. पंच विद्यार्थीच असावेत. ज्या दिवशीं ज्या तुकडीचा सामना नाहीं त्या तुकडीनें पंच द्यावा. हल्लीं फुटबॉलचे कायदे सतरा आहेत, इ. स. १९३८ मध्यें स्टॅन्ली राउस यांनीं त्यांची जी फेरमांडणी केली तीच सतरांची संख्या आजतागायत चालू आहे. ते मराठींत उतरविण्याचें काम नववीच्या मुलांनीं अंगावर घेतलें आहे. पावसांत चुन्याच्या रेषा टिकत नाहींत, म्हणून बांबूंस चिंध्या बांधून त्या कडेस रोवाव्यात. निशाणांस तेवढें पुरे.

पालकहो, दहावीच्या वर्षाची आपणांस काळजी वाटते तें आम्ही जाणतों. आमचींही मुलें त्या वर्षांतून गेलीं आहेत. फुटबॉल खेळल्यानें गुण वाढतात असें खोटें आश्वासन आम्ही देणार नाहीं. कदाचित् वाढणारही नाहींत. परंतु शनिवारचा एक तास काढून घेतल्यास तो तास पुस्तकाकडेच जातो काय, हें आपण आपल्या घरीं पाहावें. आणि सामना पाहण्यास अवश्य यावें. पंच आपल्याच मुलांपैकीं एक असेल, एवढें ध्यानांत असूं द्यावें.

त्या तरुण शिक्षकांस आम्हीं पत्र लिहिलें आहे. गोल ऑफसाइड होता, तो आम्हीं पाहिला होता, व त्या वेळीं आम्ही बोललों नाहीं, असें त्यांत स्वच्छ लिहिलें. कप्तानानें प्रथम सही करण्याचें नाकारलें, दोन दिवसांनीं केली. पाहुण्या शाळेचा संघ पुन्हां येण्यास तयार आहे.

साखळीच्या पहिल्या सामन्याची शिट्टी कोणाकडे द्यावी यावर पुष्कळ चर्चा झाली. त्या दिवशीं सर्वांत मोठ्यानें ओरडणारा जो आमचा डाव्या बाजूचा गडी, त्याच्याकडेच ती द्यावी असें ठरलें. त्यानें अद्याप होकार दिलेला नाहीं. परवां तो ग्रंथालयांत येऊन कायद्याचें अकरावें कलम, तें ऑफसाइडचें, वाचण्यास मागून गेला.